सारखीच चूक

आमच्या घरात 'हव', म्हणजे हो, म्हणायले कोणाले वेळ लागत नाही. मी म्हटलं आज कोचईची भाजी, तर हव. मी म्हटलं यंदा दिवाळीले नागपूरले नाही जायचं, तरी हव. आमचा निरंजन, म्हणजे माझा नवरा, तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आधीच हव म्हणून मोकळा होते. पाहुणे म्हणतात, अपर्णाच्या घरी किती शांतता आहे! मी रेल्वेच्या ऑफिसात दिवसभर लोकांशी डोकं लावून येते, घरी कोणी वाद नाही घातला तर मले बरंच वाटते. त्यात काही खोट आहे असं मले तरी कधी वाटलं नव्हतं.

अशा या शांत घरात आमच्या पोरीनं, अनुश्रीनं, दसऱ्यानंतर शाळेत जाणं बंद केलं. आठवीत आहे. अभ्यासात चांगली, कोणाच्या अध्यात नाही मध्यात नाही. पण सकाळी युनिफॉर्म घातला की पोट दुखलंच म्हणून समजा. डॉक्टरनं सगळं तपासलं, पोटात काही नाही. शाळेतल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, ही शाळेची भीती आहे, हळूहळू जाईल. आधी नुसतं गेटपर्यंत आणा, मग एखादा तास बसवा, मग दोन. मी म्हटलं, बाई, मले ऑफिस आहे, अन् पोरीची परीक्षा आहे. हळूहळू म्हणजे किती हळू? तर त्या म्हणे, ते अनुश्री ठरवेल. झालं! आता तेरा वर्षांची पोट्टी ठरवणार!

तेवढ्यात ऑफिसातल्या एकीनं शिबिराचं सांगितलं. रायपूरच्या बाहेर, शेतांमध्ये, मुलांचं निवासी शिबिर. मोबाइल बंद, पहाटे उठणं, व्यायाम, मैदानात उभं राहून भाषण. दीड महिना आईबापाची भेट नाही. पोरं सरळ होऊन परत येतात म्हणे. मी लगेच नाव टाकलं. संक्रांतीनंतरच्या सोमवारी त्यांची गाडी घरून न्यायले येणार होती. पण खरं सांगते, मनात धाकधूक होती. रात्री पडल्या पडल्या वाटे, माझी पोरगी तिथं रडली तर तिले जवळ कोण घेईल?

अन् नेमकं याच वेळी शर्मिष्ठाताईंचं काम आमच्या घरी आलं.

शर्मिष्ठाताई म्हणजे माझी मोठी नणंद. कॉलेजात मानसशास्त्र शिकवतात, चौबे कॉलोनीत एकट्याच राहतात. त्यांच्या बिल्डिंगमध्ये नवीन लिफ्ट बसवून राहिले होते, दिवसभर ड्रिलमशीन. म्हणून त्या कामाचा सगळा पसारा घेऊन तात्यापाऱ्यात आमच्याकडे यायच्या. काम काय, तर शाळेले घाबरणाऱ्या पोरांवर आजपर्यंत जे जे अभ्यास झाले ते सगळे गोळा करायचे. एकेक तपासायचा, हा भरवशाचा आहे की नाही ते ठरवायचं. मग सगळ्यांचं मिळून म्हणणं काय निघते ते लिहायचं.

मी म्हटलं, "म्हणजे स्वतः काही करायचं नाही, दुसऱ्यानं केलेल्यात खोट काढायची? हे तर नणंदेचंच काम झालं!"

ताई हसल्या. म्हणाल्या, "बरोबर ओळखलं. म्हणून तर मले जमते."

पण त्या कामाचा एक नियम होता. एकट्या माणसानं तपासायचं नाही. दोघांनी, वेगवेगळं, एकमेकांचं न पाहता प्रत्येक अभ्यासाले शेरा द्यायचा. भरवशाचा, शंकेचा, किंवा कामाचा नाही. दोघांचं जुळलं तर ठीक, नाही जुळलं तर बसून बोलायचं. ताईंचा दुसरा माणूस होता लोकेश, त्यांचा विद्यार्थी, पीएचडी करून राहिला आहे. ब्राह्मणपाऱ्यातून पायीच यायचा. पोरगा गुणी. घरी आईबाप मराठी बोलतात, यालेही सगळी समजते, पण तोंड उघडलं की हिंदी. आमच्या अनुचंही तेच. ताई मागच्या खोलीत बसत, लोकेश समोरच्या. ताईंचे शेरे त्यांच्या बॅगेत, बॅगेले कुलूप. मी एकदा चहा देताना सहज विचारलं, काय निघून राहिलं हो ताई, तर केवढ्यानं ओरडल्या! लोकेशसमोर एक अक्षर नाही बोलायचं म्हणे. इतक्या कडक.

लोकेशच्या ताटात मात्र मी कधी कमी वाढलं नाही. अन् तोही कधी नको म्हणाला नाही.

संक्रांतीच्या आधी सगळे अभ्यास तपासून झाले अन् ताईंनी दोघांचे शेरे शेजारी ठेवले. जवळजवळ सगळे जुळले! ताई इतक्या खूश झाल्या की स्वतः उठून बुढापाऱ्याहून गरम जिलेबी घेऊन आल्या. म्हणाल्या, "इतकं जुळणं सहसा होत नाही, अपर्णा. म्हणजे काम पक्कं झालं." जेवायच्या टेबलावर मग मी विचारलंच, आता तरी सांगा, निघालं काय? ताई म्हणाल्या, अजून शेवटचं वाचायचं आहे, पण घरी राहून इलाज केलेल्या पोरांपेक्षा निवासी शिबिरातल्या पोरांचं बरं दिसून राहिलं.

माझ्या छातीवरचा धोंडाच उतरला. मी टेबलावर हात आपटला.

"पाहा! मी काय म्हणत होती? आता तर सगळ्या जगानं सांगितलं. निरंजन, ऐकलं ना?"

"हव," निरंजन म्हणाला.

"अन् तू ग अनु? सोमवारी जायचं. चांगलंच होईल बेटा तुझं. जाशील ना?"

अनुनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाली, "हव."

लोकेशही मान हलवून राहिला होता. त्याले तर मी विचारलंही नव्हतं. त्या रात्री मले किती दिवसांनी गाढ झोप लागली. दुसऱ्या दिवशी मी तिची बॅग भरली. दोन स्वेटर, कानटोपी, घरची चिवड्याची बरणी.

गुरुवारी दुपारी ताई आल्या त्याच मुळी तोंड पाडून. मी सुट्टी टाकली होती, तिळाचे लाडू वळून राहिली होती. त्या समोर येऊन बसल्या.

"अपर्णा, माझ्या हातून एक चूक झाली."

म्हणे, रात्री शेवटचं वाचायले बसली, तर एक शिबिराचा अभ्यास हाती आला. मोठा, त्याच्यावरच पारडं फिरलं होतं. त्यात पोरांची भीती गेली का, हे विचारलं कोणी? शिबिर चालवणाऱ्यांनीच. कधी? शेवटच्या दिवशी, घरी जायची गाडी उभी असताना. अन् जी पोरं मधूनच शिबिर सोडून गेली, ती मोजलीच नाहीत. नुसती उरलेली मोजली अन् लिहिलं, बघा, किती फायदा झाला. "अन् मी याले भरवशाचा म्हणून शेरा दिला. त्या दिवशी मले ताप होता, घाईत वाचलं असेल."

मी म्हटलं, "अहो, मग खोडा अन् दुसरा शेरा लिहा. त्यात एवढं तोंड पाडायले काय झालं?"

"लोकेशनंही तोच शेरा दिला आहे."

"मग तर बरंच आहे! दोघांचं जुळलं."

ताईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसली आहे. "अपर्णा, परीक्षेत दोन पोट्ट्यांची बरोबर उत्तरं सारखी आली तर मी काही म्हणत नाही. बरोबर उत्तर एकच असते, दोघांले येऊ शकते. पण दोघांची चूक सारखीच आली, की मी आधी पाहते दोघं कुठं बसले होते."

लाडवाचा पाक कडक होऊन राहिला होता, पण माझे हात थांबले.

लोकेशले फोन केला, तो धावतच आला. ताई रागावल्या नाहीत. नुसतं तो अभ्यास समोर ठेवला अन् विचारलं, हा शेरा कसा दिला?

लोकेशचा चेहरा उतरला. "मैडम, कसम से, मैंने आपका देखा नहीं."

"माहीत आहे. माझं कुलपात होतं. तुले वाचताना काय वाटलं ते सांग."

त्यानं त्या अभ्यासाची पानं उलटली. मग म्हणाला, "मुझे लगा था कि जो बच्चे छोड़कर चले गए, उनको गिनना चाहिए था."

ताईंनी डोळे मिटले. "मग लिहिलं काहून नाही?"

"आप उस दिन चाय पर बोली थीं ना, कि बहुत बड़ा काम किया है इन लोगों ने. तो मैंने सोचा, मैडम ने तो अच्छा ही दिया होगा. आपसे अलग देता तो... अच्छा नहीं लगता, मैडम."

"अन् बाकीचे?"

"सब में पहले सोच लेता था, मैडम क्या देंगी."

मले हसू फुटलं. एवढं कुलूप, एवढ्या दोन खोल्या, अन् पोट्टा बसून काय करून राहिला होता, तर मॅडमच्या मनातलं ओळखून राहिला होता! अन् ओळखलंही बरोबर, चुकीसकट! पण ताई हसल्या नाहीत. त्या त्याले म्हणाल्या, "तुझी चूक नाही रे. मी शिकवताना कोणाले कधी वेगळं बोलू दिलं?" मग माझ्याकडे वळल्या. "म्हणजे इतके महिने मी एकटीनंच तपासलं. आता सगळं परत करावं लागेल."

माझं हसू तिथंच थांबलं.

"परत म्हणजे? अन् शिबिराचं काय?"

"आता काही सांगता येत नाही."

झालं, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "वा, ताई! सोमवारी गाडी येऊन राहिली! बॅग भरून ठेवली मी! परवा जिलेबी खाऊ घालून सांगितलं शिबिर चांगलं, अन् आज म्हणता सांगता येत नाही? तुमच्या त्या कागदांचं तुम्ही दहा वेळा करा. पोरगी माझी आहे, तुमचा प्रबंध नाही!"

निरंजन दारात उभा होता. त्या दिवशी पहिल्यांदा त्याले हव कुठं म्हणावं ते कळलं नाही.

ताई शांतपणे म्हणाल्या, "तुझी पोरगी आहे म्हणूनच तुले आज सांगितलं. नाहीतर सोमवारनंतर सांगितलं असतं. रविवारपर्यंत मी शिबिराचे तेवढे अभ्यास परत तपासून घेते. या वेळी लोकेश आधी करेल, त्याच्या घरी बसून. माझ्याशी फोनवरही बोलणार नाही."

मी त्यांले चहाही विचारला नाही. लाडूही सगळे दगड झाले. खरं म्हणजे राग कशाचा होता ते मले माहीत होतं. मले कोणीतरी छातीठोक सांगावं असं पाहिजे होतं, अन् ज्या बाईनं सांगितलं, तिनंच ते परत घेतलं. पुन्हा रात्री डोळा लागेना. मनात त्या सोडून गेलेल्या पोरांचंच येई. ती गेली कुठं? त्यांले कोणी विचारलं असेल का, बेटा, काय झालं?

रविवारी सकाळी ताई अन् लोकेश दोघंही आले. मी पोहे केले होते. राग असला तरी माणूस उपाशी थोडंच जाऊ देते.

या वेळी दोघांचं पुष्कळ ठिकाणी जुळलं नव्हतं. ताई सांगत होत्या, कुठं लोकेश चुकला होता, कुठं त्या स्वतः, अन् दोघं सकाळपासून भांडून राहिले होते. "पहिल्यांदाच भांडला हा माझ्याशी," त्या म्हणाल्या, अन् त्यांच्या आवाजात कौतुकच होतं. पण शिबिरांच्या अभ्यासांत भरवशाचं म्हणावं असं काहीच उरलं नव्हतं.

"म्हणजे शिबिर वाईट आहे?" मी विचारलं.

"तसंही नाही. चांगलं आहे की वाईट, हे अजून कोणाले धड माहीतच नाही. मी तसंच लिहिणार आहे."

"मग मी काय करू? ते सांगा ना!" माझा आवाज फाटला. "इतकं शिकलेल्या तुम्ही, तुम्हालेच माहीत नाही, तर मी कोणाले विचारू?"

"अनुले विचारलं?"

"विचारलं की! तुमच्यासमोरच विचारलं. हव म्हणाली."

ताई माझ्याकडेच पाहून राहिल्या. मले अवघडल्यासारखं झालं, म्हणून मी पोह्यांचा झारा उचलला अन् लोकेशकडे वळली. "घे रे आणखी."

त्याची प्लेट अजून अर्धी भरलेली होती. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं अन् म्हणाला, "हव, आंटी."

झारा माझ्या हातातच राहिला.

दुपारी मी तेलाची वाटी घेऊन गच्चीवर गेली. अनु उन्हात बसली होती. तिच्या मागं बसून मी वेणी सोडली अन् तेल लावायले लागली. तिचं तोंड पलीकडे, माझं तिच्या पाठीकडे. मुद्दामच. माझं तोंड तिले दिसायले नको होतं.

"अनु, उद्या शिबिरात जायचं की नाही?"

एवढंच. पुढचं सगळं जिभेवर आलं होतं. तुझ्याच भल्यासाठी आहे, वर्ष वाया जाईल, पाहा बरं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे साऱ्या तात्यापाऱ्याले माहीत आहे. मी जीभ दाताखाली धरली.

ती म्हणाली, "तुम क्या चाहती हो?"

"ते नाही सांगत."

"पापा?"

"त्याचंही नाही."

"आत्या की स्टडी में क्या आया?"

"तेही तू बोलल्यावर सांगीन."

तिनं गुडघे पोटाशी घेतले. खालून भाजीवाल्याची हाळी आली अन् गेली. मले वाटलं आता ही रडेल, नाहीतर उठून जाईल. ती मागं वळायले लागली, तर मी दोन्ही हातांनी तिचं डोकं परत समोर केलं.

"गुस्सा करोगी?"

मी खोटं काहून बोलू? म्हटलं, "करीन. माझा स्वभाव आहे. पण तो माझा राग, तू त्याची काळजी करू नको. तू तुझं सांग."

मग माझी पोरगी, जी बोलायले लागल्यापासून मले हिंदीत उत्तर देऊन राहिली, ती मराठीत बोलली. अगदी हळू.

"मले नाही जायचं, मम्मी."

मी तेलाची वाटी बाजूले ठेवली. मी म्हटलं, "मग त्या दिवशी हव काहून म्हणाली?"

"तुम इतनी खुश थी. इतने दिन बाद." ती गुडघ्यावर हनुवटी ठेवून बोलत होती. "मैं ना बोलती तो तुम फिर बाथरूम में जाकर रोतीं."

मले वाटे नळ सोडला की बाहेर ऐकू जात नाही.

राग नाही आला. रडू आलं, अन् ते या वेळी मी तिच्यासमोरच रडली. तिनं वळून पाहिलं, मी पाहू दिलं. मग ती माझे डोळे पुसायले लागली अन् केस मागं सारताना तिच्या हातालेही तेल लागलं होतं, माझे डोळे असे चुरचुरले की दोघीही हसायले लागलो.

सोमवारी गाडी आली. मी खाली जाऊन सांगितलं, आमची पोरगी येत नाही. ड्रायव्हर म्हणाला, कागदावर तर सगळ्यांचं हो आहे. मी म्हटलं, भैया, ती मोजणीच चुकली होती. त्यानं खांदे उडवले अन् गाडी गेली. निरंजन वर खिडकीत उभा होता. मी वर आल्यावर त्याले विचारलं, तुले तरी खरंच वाटत होतं का पोरीले पाठवावं? तो नेहमीसारखा हव म्हणायले गेला, थांबला, अन् म्हणाला, "नाही. पहिल्यापासूनच नाही." त्याच्याशी मात्र मी मनसोक्त भांडली.

मग समुपदेशक बाईंचं ते 'हळूहळू' सुरू झालं. यानंच बरं होईल असं कोणी छातीठोक सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. मी ऑफिसात उशिरा यायची परवानगी घेतली. सकाळी आम्ही दोघी शाळेच्या गेटपर्यंत जायचो. मी रोज विचारायची, आत जायचं? ती माझ्या तोंडाकडे पाहायची. मी तोंड फिरवून समोरच्या पानठेल्याकडे पाहायची. मग ती म्हणायची, नाही. मी म्हणायची, बरं. अन् आम्ही घरी. असे किती दिवस गेले मी मोजले नाहीत. पण एक होतं, ते नाही तिचं स्वतःचं होतं.

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा गेटपाशी उभ्या होतो. प्रार्थना संपून पोरं वर्गाकडे जाऊन राहिली होती. मी विचारलं, आत जायचं? अन् सवयीनं तोंड पानठेल्याकडे फिरवलं.

"हव," ती म्हणाली.

हा हव कोणासाठी आहे? मी वळून तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहतच नव्हती. ती शाळेकडे पाहून राहिली होती.